उणे चिन्ह, छेद आणि कंस: बीजगणित नेमकं कुठे अडतं

सातवी-आठवीच्या वहीत क्ष दिसायला लागला की घरात विषय निघतो, 'आता बीजगणित आलं, क्लास लावायला हवा.' नौपाड्यापासून खारघरपर्यंत क्लासना तोटा नाही, त्यामुळे बोलणं लगेच फीवर येतं. त्याआधी एक काम करा. मुलाचं चुकलेलं एक समीकरण घ्या आणि ओळ ओळ करत वाचा. क्ष बहुतेक वेळा निर्दोष सुटतो. चूक सापडते ती उणे चिन्हात, छेदात नाहीतर कंसात, म्हणजे बीजगणिताच्या आधीच पक्क्या व्हायला हव्या होत्या अशा गोष्टींत. पोलीस भरती किंवा एमपीएससीसाठी पंचविशीत पुन्हा गणित हातात घेणाऱ्यांचंही दुखणं हेच असतं.

नमुन्याला हे समीकरण घेऊ:

(क्ष + ३)/४ − (क्ष − २)/६ = २

४ आणि ६ चा लसावि १२. दोन्ही बाजूंना १२ ने गुणलं की छेद जातात.

३(क्ष + ३) − २(क्ष − २) = २४
३क्ष + ९ − २क्ष + ४ = २४
क्ष + १३ = २४
क्ष = ११

पडताळा: १४/४ म्हणजे ३.५, ९/६ म्हणजे १.५, वजाबाकी २. जमलं.

इथे घसरायच्या मुख्य जागा दोन. पहिली म्हणजे डावीकडच्या दोन्ही पदांना १२ ने गुणायचं आणि उजवीकडचा २ तसाच सोडायचा. मग क्ष + १३ = २ होतं आणि उत्तर −११ येतं. त्या २ च्या खाली छेद दिसत नाही, म्हणून त्याला गुणायचं सुचत नाही. सुरुवातीलाच तिथे २/१ लिहिलं की हा प्रश्न मिटतो. दुसरी जागा जास्त घातकी. −२(क्ष − २) उघडताना −२क्ष − ४ असं लिहिलं जातं, मग क्ष + ५ = २४ आणि उत्तर १९. −११ पाहून निदान भुवई तरी वर जाते, १९ पाहून कोणाला काही वाटत नाही. पडताळा घेतला तर २२/४ − १७/६ = ५.५ − २.८३…, म्हणजे साधारण २.६७. २ नाही. चूक तिथल्या तिथे पकडली जाते. 'पडताळ्याला वेगळे मार्क नाहीत' म्हणून मुलं तो गाळतात आणि त्याच अर्ध्या मिनिटाचे दोन-तीन मार्क घालवतात.

कंसाबाहेर उणे असेल तर आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह पालटतं. नियम पाठ असतो, हात मात्र पहिल्या पदाचं चिन्ह पालटून पुढे जातो. १५ − (क्ष − ४) हे १९ − क्ष होतं; वहीत सापडतं ११ − क्ष. अशा वेळी वाद घालू नका, क्ष च्या जागी एक आकडा घाला. क्ष = १० घेतला तर मूळ राशी १५ − ६ = ९. १९ − १० = ९, बरोबर. ११ − १० = १, चूक. मात्र तपासायला ०, १ किंवा २ कधीच घेऊ नका. ० घातला की निम्मी पदं गायब होतात, १ चा वर्गही १ च, आणि २ च्या बाबतीत २ + २, २ × २ आणि २ चा वर्ग हे तिन्ही ४. चुकीचं उत्तरही या आकड्यांवर खरं दिसू शकतं. ७ किंवा १० घ्या.

उणे संख्यांची बेरीज-वजाबाकी समजवायला घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरची लिफ्ट पुरते. बटणांवर बी-२, बी-१, जी, १, २ अशी रांग असते, ती उभी संख्यारेषाच. जी म्हणजे शून्य. पार्किंगच्या बी-२ वरून सातव्या मजल्यावर जायला किती मजले चढायचे? ७ − (−२) = ९. मुलगा ५ म्हणाला तर त्याला एकदा लिफ्टमध्ये मोजायला लावा. गुणाकाराला मात्र लिफ्टचा उपयोग नाही, तिथे ओढूनताणून दाखला देऊ नये. तिथे क्रम दाखवावा: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. डावीकडचा आकडा एकाने उतरतो तसं उत्तर दोनने चढतं. पुढची पायरी (−१) × (−२), तिचं उत्तर +२ आलं नाही तर क्रम मोडेल. 'उणे गुणिले उणे अधिक' हे घोकलेलं मूल पुढे −३ − ५ ला सुद्धा +८ म्हणतं. तो नियम गुणाकार-भागाकाराचा आहे, बेरजेला लागू नाही, हे तोंडाने म्हणवून घ्या.

आणखी एक खोच. −३ चा वर्ग किती? कंसात, म्हणजे (−३)², असेल तर ९. कंस नसेल, म्हणजे −३², तर −९, कारण वर्ग आधी आणि उणे नंतर. एक्सेलमध्ये उणे तीनचा वर्ग कंसाशिवाय टाकला तर ते ९ देतं, कारण तिथे पुढे लागलेलं उणे चिन्ह घातांकाच्या आधी मोजलं जातं. कॉम्प्युटरने सांगितलं म्हणून परीक्षेत ९ लिहू नका.

ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन, ऋण आणि शून्य यांच्या आकडेमोडीचे नियम मांडले. शून्याने भागायची वेळ आली तिथे मात्र त्याचीही गाडी घसरली: शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असं तो म्हणतो. आज आपण शून्याने भागाकार मुळात मान्यच करत नाही. कारण सोपं. १२ ÷ ३ = ४ याचा अर्थ ४ × ३ = १२. मग १२ ÷ ० च्या उत्तराला ० ने गुणून १२ यायला हवेत, तशी संख्याच नाही. ० ÷ ० ला उलटी अडचण, तिथे कुठलीही संख्या चालते. समीकरणात हे वेष बदलून येतं: ५क्ष = ३क्ष याच्या दोन्ही बाजूंना क्ष ने भागून ५ = ३ काढणारे असतातच. क्ष शून्य असू शकतो तिथे क्ष ने भागायचं नाही. ३क्ष डावीकडे घ्या, २क्ष = ०, क्ष = ०.

हे 'डावीकडे घ्या' प्रकरणही जपून. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे सूत्र एवढं ओठांवर बसलेलं असतं की ३क्ष = १२ मधूनही क्ष = १२ − ३ निघतं, कधी १२ ÷ (−३) सुद्धा. पहिले दोन-तीन महिने बाजू बदलायला बंदीच करा. दोन्ही बाजूंतून ७ वजा केले, दोन्ही बाजूंना ३ ने भागलं, असं प्रत्येक ओळीशेजारी लिहू द्या. वही जरा लांबते, पण वर्षभराचा घोळ वाचतो.

संख्यांचे प्रकार पाठ करण्यापेक्षा कुठली क्रिया अडली म्हणून पुढचा प्रकार आला, ते लक्षात ठेवणं सोपं. १, २, ३… या नैसर्गिक संख्या. शून्य घेतलं की पूर्ण संख्या. ३ − ५ अडलं म्हणून ऋण संख्या आणि त्यांच्यासह पूर्णांक. ३ ÷ ५ अडलं म्हणून परिमेय. सेमी-इंग्रजीवाल्या मुलांना होल नंबर आणि इंटिजर माहीत असतात, आईबाबांना पूर्ण आणि पूर्णांक, आणि इथे हमखास अदलाबदल होते. होल नंबर ती पूर्ण संख्या, इंटिजर तो पूर्णांक. प्रत्येक नवा प्रकार जुन्याला पोटात घेतो, म्हणून ७ हा एकाच वेळी नैसर्गिक, पूर्ण, पूर्णांक, परिमेय आणि वास्तव (परिमेय-अपरिमेय सगळ्या मिळून) आहे. 'एकच पर्याय निवडा' वाल्या प्रश्नांत यावरच घात होतो.

परिमेय आणि अपरिमेय यांत तीन गैरसमज फार चिवट आहेत. एक, वर्गमुळाचं चिन्ह दिसलं की अपरिमेय. √४९ म्हणजे सरळ ७. दोन, २२/७ म्हणजे पाय (π). २२/७ परिमेय आहे, ३.१४ सुद्धा परिमेय आहे. पाय अपरिमेय आहे आणि हे दोघे त्याचे जवळचे आकडे आहेत. तीन, दशांश न संपता चालू राहिला की अपरिमेय. ०.३६३६३६… संपत नाही, पण ३६ ची आवर्तनं चालू आहेत, म्हणून तो ३६/९९, म्हणजे ४/११. अपरिमेयात दशांश संपतही नाही आणि त्याचं आवर्तनही होत नाही.

दशांश संपेल की नाही हे भाग न देता सांगता येतं. छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तर संपतो. पण आधी अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आणा, नाहीतर फसाल: ९/१२ च्या छेदात ३ आहे, तरी तो ३/४ म्हणजे ०.७५, संपला. आवर्ती भाग दशांशचिन्हानंतर लगेच सुरू होत नसेल तर, उदाहरणार्थ ०.२७७७…, पहिल्या आवर्तनापर्यंतची संख्या २७, त्यातून न फिरणारे २ वजा, खाली फिरणाऱ्या अंकासाठी ९ आणि न फिरणाऱ्यासाठी ०: २५/९०, म्हणजे ५/१८.

मूळ संख्यांबद्दल एवढंच की १ मूळही नाही आणि संयुक्तही नाही, आणि ५१, ५७, ९१ हे तिघे मूळ असल्याचा आव आणतात. ३ × १७, ३ × १९, ७ × १३.

पदावली सोडवायला शाळेत 'कंचेभागुबेव' शिकवतात: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. हे घोषवाक्य निम्मं निर्धोक आहे आणि निम्मं नाही. भागाकार आधी आणि गुणाकार नंतर, असं शब्दशः केलं तरी उत्तर बिघडत नाही: १२ × ६ ÷ ४ मध्ये आधी ६ ÷ ४ = १.५ केलं काय किंवा डावीकडून गेलं काय, १८ च येतात. पण बेरीज आधी, वजाबाकी नंतर हे शब्दशः केलं की १० − ४ + ३ चं १० − ७ = ३ होतं. खरं उत्तर ९. उलट वजाबाकी आधी ठेवली असती तर काही बिघडलं नसतं. म्हणजे 'कंचेभागुवबे' जास्त सुरक्षित होतं, पण आता सगळ्यांच्या जिभेला जुनंच बसलंय. म्हणून जोडीला एक वाक्य हवंच: बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, डावीकडून उजवीकडे. भागाकार-गुणाकारही तसेच. दुकानातला साधा कॅल्क्युलेटर आणि मोबाइल यांची उत्तरंही यामुळेच वेगळी येतात. २ + ३ × ४ साध्यावर दाबलं तर प्रत्येक बटणागणिक तो हिशोब करतो आणि २० दाखवतो. मोबाइल पूर्ण पदावली वाचून १४ देतो. बरोबर १४.

अपूर्णांकांत आधी अंदाज, मग आकडेमोड. ५/१२ + ७/१८ ला वर वर, खाली खाली बेरीज करून १२/३० लिहिणारं मूल एक गोष्ट पाहत नाही: १२/३० म्हणजे ०.४, आणि ५/१२ एकटाच ०.४१ च्या वर आहे. बेरीज करून रक्कम कमी कशी होईल? लसावि काढायला मोठा छेद घ्या आणि त्याचा पाढा म्हणत जा, लहान छेदाने भाग जाईपर्यंत. १८ ला १२ ने जात नाही, ३६ ला जातो. १५/३६ + १४/३६ = २९/३६. दोन्ही अपूर्णांक अर्ध्याहून थोडे कमी, म्हणून बेरीज एकाहून थोडी कमी, पटतं.

आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असायच्या. पाढे पुन्हा घोका असं कोणी म्हणणार नाही, पण भागाकारात छेद उलटा का होतो हे त्या भाषेत चटकन कळतं. अडीच किलोत पाव किलोच्या पुड्या किती? २½ ÷ ¼. एका किलोत चार, दोनात आठ, अर्ध्यात दोन, एकूण दहा. ¼ ने भागणं म्हणजे ४ ने गुणणं, हे मुलाने स्वतःच केलेलं असतं. दशांशासाठी भाजीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा बघा: १.०५० आणि १.५०० या आकड्यांत ४५० ग्रॅमचा फरक आहे. ८० रुपये किलोने पहिल्याचे ८४, दुसऱ्याचे १२०. '१.०५ म्हणजे एक पूर्णांक पाच' असं वाचायची सवय असेल तर दोन्ही सारखेच वाटतात. दशांशचिन्हानंतरचा प्रत्येक अंक सुटा वाचायला लावा: एक दशांश शून्य पाच.

शाब्दिक उदाहरणाला रिक्षाचं मीटर उत्तम. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर क्षेत्रात, म्हणजे ठाण्या-नवी मुंबईतही, पहिल्या दीड किलोमीटरला किमान २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७.१४ रुपये. शेअर रिक्षाच्या रांगेत मीटर कोण बघतो म्हणा, पण गणितापुरतं बघू. मीटरवर ८६ रुपये झाले, थांबावं लागलं नाही, तर किती किलोमीटर?

२६ + १७.१४(क्ष − १.५) = ८६
१७.१४(क्ष − १.५) = ६०
क्ष − १.५ = ३.५, जवळपास
क्ष = ५

बहुतेक जण पहिल्या ओळीत २६ + १७.१४क्ष लिहितात आणि ३.५ किलोमीटर काढतात. पहिला दीड किलोमीटर २६ रुपयांत भरून झालाय, तो पुन्हा मोजायचा नाही. कंसातलं − १.५ त्यासाठी. कंस उघडून बघितला तर मजा कळते: १७.१४ × १.५ = २५.७१, म्हणून भाडं = १७.१४क्ष + ०.२९. २६ हा आकडा दीड किलोमीटरचंच भाडं पूर्ण रुपयात आणलेलं आहे. अंतर दीडच्या पुढे असेल तर सरळ १७.१४ ने गुणा.

मध्यरात्रीनंतर २५ टक्के जास्त, म्हणजे ८६ चे १०७.५०. आता १०७.५० मधून २५ टक्के कमी केले तर ८६ येतील का? येतात ८०.६३. वाढ ८६ वर मोजली, घट १०७.५० वर. मागे यायला १.२५ ने भागावं लागतं. शेकडेवारीत 'कशाचे' हा प्रश्न आधी विचारायचा.

सरावासाठी मात्र पुस्तकाबाहेरची एक गोष्ट सुचवतो. गणितज्ञ द. रा. कापरेकर १९०५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणूत जन्मले, माध्यमिक शाळा ठाण्यात केली आणि पुढे देवळालीत शिक्षकी केली. त्यांचा ६१७४ जगभर माहीत आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. पुन्हा तेच. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ते साल घेऊ, १८५३:

८५३१ − १३५८ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतोच. हातच्याच्या वजाबाकीचा याहून चांगला सराव नाही, आणि उत्तरपत्रिका लागत नाही. मात्र मधे चुकलं तरी शेवटी ६१७४ येऊ शकतो, म्हणून प्रत्येक ओळीला वेगळा पडताळा घ्या: उत्तरातल्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत हवी. शून्य असेल तर ०३७८ असं चार अंकीच लिहायचं. ते सोडलं की तीन अंकी होऊन सगळं विस्कटतं.

९ च का, हे विचारलं की बीजगणिताची खरी गरज पडते. अंक मोठ्यापासून लहानापर्यंत अ, ब, क, ड असतील तर मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड आणि छोटी १०००ड + १००क + १०ब + अ. वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क). दोन्ही पदांना ९ ने भाग जातो, अंक कुठलेही असोत. आकड्यांची हजार उदाहरणं करूनही जे सिद्ध होत नाही, ते इथे एका ओळीत होतं.

हाच ९ जमाखर्चात कामाला येतो. मराठीत 'त्रेसष्ट' ऐकून आधी ३ लिहायची ऊर्मी येते आणि ३६ पडतात. फरक २७, ९ च्या पटीत. दोन अंकांत तो नेहमी ९(अ − ब) असतो. वाशी मार्केटच्या गाळ्यावर असो की सोसायटीच्या हिशोबात, बेरीज जुळत नसेल आणि तफावतीला ९ ने भाग जात असेल, तर आधी अंक उलटे पडलेली नोंद शोधा. ९ ने भाग गेला म्हणजे तेच कारण असेल असं नाही, पण गेला नाही तर निदान दोन अंकांची एकटी अदलाबदल हे कारण नक्की नाही.

चौथीच्या मुलासाठी तीन अंकी घ्या, तिथे शेवटी ४९५ येतो आणि वजाबाकीत मधला अंक दर वेळी ९ असतो. तिथे ९९(अ − क) होतं, त्यावरून मधला ९ कुठून आला ते आठवीच्या ताईकडून काढून घ्या. दोन अंकी घेतली तर कुठेच थांबत नाही: ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१.